शिवरामपंतांची उलटी यात्रा

“लंबाई कितनी थी उनकी?” बांबूवाल्याने विचारलं.

शिवरामपंत सप्रे त्याच्या पुढ्यात उभे होते. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर. बँकेतून सन्मानाने निवृत्त झालेला माणूस आपल्या दोन पायांवर उभा असताना त्याच्याविषयी भूतकाळात बोललं जावं, हे त्यांना मुळीच रुचलं नाही.

“किनकी?”

“जो गए उनकी, बाबूजी.”

“कोई नहीं गया है. हमको स्ट्रेचर बनाना है.”

बांबूवाल्याने पानाचा तोबरा डाव्या गालातून उजव्या गालात सरकवला आणि पंतांकडे कणवेने पाहिलं. “होता है, बाबूजी. शुरू में मन नहीं मानता.”

काशीत चौकातून मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाला उतरणाऱ्या गल्लीत बांबूचं दुकान असतं ते एकाच कामासाठी. तिथून कोणी वेलीला आधार द्यायला बांबू नेत नाही. पण सुनेने हट्ट धरला होता आणि पन्ना दूधवाल्याने सल्ला दिला होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पंतांचं घरात काही चालत नसे. शेवटी बांबूवाल्याने त्यांच्याच उंचीवर मापाची काठी धरली आणि “इतना ही रखें?” असं विचारलं. पंत मुकाट्याने हो म्हणाले. घरी येईपर्यंत त्यांच्या अंगावरचा काटा गेला नव्हता.

आता या स्ट्रेचरचा उगम सांगायचा तर तो मोटारींच्या शर्यतीत आहे.

पंतांची सून मृणालिनी एका मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाची सिस्टर. दिवसभर उभं राहून पायांच्या पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या. रविवारी घरी आली की ती गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून टीव्हीसमोर बसे आणि शर्यत लावी. लग्न होऊन आली त्या पहिल्याच रविवारी तो आवाज ऐकून पंत स्वयंपाकघरात धावले होते, मिक्सर जळाला असं समजून. काशीतल्या मराठी घरात सून गाणं शिकते, संस्कृतात एम. ए. करते, फार तर स्कूटी चालवते. मोटारींच्या शर्यती बघणारी सून पंतांनी ऐकली नव्हती. शेजारचे ढुंढिराज गुरुजी एकदा अर्धी शर्यत बघून म्हणाले होते, “ही तर प्रदक्षिणाच झाली. पण मध्ये देव कुठाय?”

“ड्रायव्हरकडे नाही बघायचं, बाबा,” मृणालिनी पंतांना समजावायची. “ते चाकं बदलणारे बघा. एकाला एकच काम. कोणी कोणाच्या अंगावर येत नाही, कोणी ओरडत नाही. आमच्याकडे ऑपरेशनवरून पेशंट आला की आम्ही डिट्टो असंच करतो. एकीने व्हेंटिलेटर, एकीने सलाईन, एकीने मॉनिटर. बोलायचं फक्त एकीने.”

ही शिस्त तिने घरातही आणली होती. गॅसचं सिलिंडर बदलायचं असलं की पंतांच्या पत्नी प्रभावतीबाई रेग्युलेटर धरत, मृणालिनीचा नवरा आदित्य टाकी फिरवी आणि पंत दार उघडून उभे राहत. “दार उघडणं हे महत्त्वाचं काम आहे, बाबा,” असं ती गंभीरपणे सांगे. पंतांना ते आवडे, पण ते कबूल करत नसत.

तर दिल्लीकडच्या एका ट्रॅकवर शर्यत व्हायची होती आणि तिथल्या वैद्यकीय पथकाला एक नर्स हवी होती. अर्जासोबत व्हिडिओ मागितला होता. अवघड जागेतून जखमी माणूस उचलून ॲम्ब्युलन्सपर्यंत कसा नेता, ते दाखवायचं. आपलं नाव यादीत पुढे आहे हे कळलं त्या दिवशी मृणालिनीने घरभर पेढे वाटले. आणि पेढे खाता खाता आदित्यने विचारलं, “पण अवघड जागा कुठून आणणार?”

सगळ्यांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं. खाली गल्ली होती.

तिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावायची, आणि तीत सांड आला तर दोघांनी. आधी सरावाला आणलेलं हॉस्पिटलचं स्ट्रेचर कचौरीवाल्याच्या वळणावर अडकलं, ते पुढेही जाईना आणि मागेही येईना. शेवटी कचौरीवाल्याची कढई उतरवावी लागली आणि त्याने सप्रे घराण्याच्या चार पिढ्यांचा उद्धार केला. म्हणून अरुंद स्ट्रेचर हवं, म्हणून पन्नाचा सल्ला आणि म्हणून बांबू.

व्हिडिओ काढायच्या रविवारी सकाळी ढुंढिराज गुरुजींना हे कळलं तेव्हा ते सोवळ्यानेच धावत आले. गुरुजी आणि पंत लहानपणापासूनचे मित्र. दोघे रोज भांडत आणि संध्याकाळची आरती बरोबर म्हणत. “शिवराम, तू सूर सोडून सगळीकडे फिरतोस,” असं आरतीनंतर गुरुजींनी म्हटल्याशिवाय प्रसाद वाटला जात नसे.

“अरे, त्या बांबूवर जिवंत माणसाने पाठ टेकायची?” गुरुजी म्हणाले. “काशीत? मणिकर्णिकेच्या वाटेवर? काय अभद्र मांडलंय हे! ऐकून ठेव शिवराम, तू त्यावर आडवा झालास तर उठायचा नाहीस.”

“मी कशाला आडवा होतोय? हॉस्पिटलातला केयूर येणार आहे झोपायला.”

“शब्द दे.”

“दिला. गंगेकडे तोंड करून दिला.”

गुरुजी तरीही घुश्शातच गंगेपलीकडे रामनगरला सत्यनारायण सांगायला निघून गेले. नावेत पाय ठेवता ठेवताही त्यांनी वळून बोट नाचवलं.

आणि केयूर आला नाही. वॉर्डात अचानक दोन अपघाताचे पेशंट आले आणि त्याला थांबवून घेतलं. ॲम्ब्युलन्स चौकात येऊन उभी होती, वॉर्डातले तिघे जण आणि पन्ना असे चार खांदे तयार होते, आदित्यने मोबाइल सरसावला होता. व्हिडिओ पाठवायचा तो शेवटचा दिवस. फक्त पेशंट नव्हता.

पन्नाला झोपवलं असतं, पण त्याला उचलायला आणखी चार पन्ना लागले असते. प्रभावतीबाईंनी “शिव शिव” म्हणून आत जाऊन दार लावून घेतलं. मृणालिनीने घड्याळाकडे पाहिलं आणि हातमोजे काढायला सुरुवात केली, एकेक बोट सोडवत, अगदी सावकाश.

ते पंतांना बघवेना. ही मुलगी घरात आल्यापासून सगळ्यांची ब्लडप्रेशरं मोजत होती, औषधं आठवणीने देत होती. स्वतःसाठी तिने काही मागितल्याचं त्यांना आठवेना. आणि आज मागितलं ते काय, तर झोपायला एक माणूस. त्यांनी कानटोपी काढली आणि म्हणाले, “मी झोपतो.”

“बाबा! गुरुजींना शब्द दिलाय ना तुम्ही?”

“ढुंढिराज संध्याकाळशिवाय येत नाही. लवकर बांधा मला, विचार बदलायच्या आत.”

मृणालिनीने त्यांच्या गळ्याला कॉलर लावली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला आणि छातीवर पट्टे आवळले. “शर्यतीच्या गाडीतल्यासारखं बकल आहे, बाबा. हे मधलं बटण दाबलं की सगळे पट्टे एकदम सुटतात. पण दाबायचं नाही. तुम्ही बेशुद्ध आहात. काहीही होवो, बोलायचं नाही, हलायचं नाही. नाहीतर व्हिडिओ बाद.”

नियम म्हटल्यावर पंतांना कधी दोनदा सांगावं लागत नसे. त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात प्रभावतीबाईंना राहवलं नाही. नवरा अभद्र बांबूवर झोपला ते झोपला, वर जानेवारीच्या थंडीत गारठायला नको. हाताला लागली ती देवघरातली रामनामी शाल त्यांनी त्याच्यावर नीट खोचून दिली. हेतू चांगला होता.

मृणालिनी पुढे निघाली. तिच्या हातात सासूबाईंच्या जुन्या निळ्या परकराचा झेंडा होता. शर्यतीत मागून वेगवान गाडी आली की पुढच्याला निळा झेंडा दाखवतात, त्याने निमूट वाट द्यायची असते. गल्लीने परकराकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

“पेशंट है! साइड दीजिए!”

“हम भी तो पेशंट हैं, सिस्टर. शुगर है,” ओट्यावरच्या एका गृहस्थांनी जागचं न हलता कळवलं.

स्कूटर हलेना, हातगाडी हलेना. कचौरीवाल्याने तर मागचा हिशेब लक्षात ठेवून मुद्दाम बाक पुढे सरकवलं. पुढे फुलवाल्याजवळ सांड आडवा उभा होता. मृणालिनी त्याच्या पोटाला घासून पलीकडे गेली, पण स्ट्रेचर अलीकडेच राहिलं. सांडाने मान झटकली, फुलवाल्याची टोपली कलंडली आणि झेंडूची सगळी फुलं पंतांच्या अंगावर आली.

आता चित्र असं झालं: हिरवे बांबू, चार खांदेकरी, रामनामी शाल, वर झेंडू आणि आत निपचित पडलेला पिकल्या केसांचा माणूस. मागून कोणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, “राम नाम सत्य है!”

आणि गल्ली दुभंगली. स्कूटर भिंतीला लागली, बाक आत गेलं, शुगरवाले गृहस्थ उठून हात जोडून उभे राहिले. सांडसुद्धा समजूतदारपणे बोळात शिरला. पंतांनी हे डोळ्यांच्या फटीतून पाहिलं आणि मनात म्हणाले, वा, सूनबाईंनी बंदोबस्त झकास केलाय.

“अरे भइया, उल्टा कहाँ ले जा रहे हो? मणिकर्णिका इधर है!”

“बेचारे बाहर के होंगे. घुमाओ, घुमाओ!”

स्ट्रेचर गर्रकन फिरलं. काशीत अनोळखी मेलेल्याला खांदा देणं हे पुण्य, आणि रविवारी सकाळी पुण्याला मोकळी माणसं पुष्कळ. वॉर्डातल्या तिघांच्या खांद्यांवरून बांबू कधी गेले ते त्यांना कळलंही नाही. आदित्य उलट्या पावली चालत शूटिंग करत होता, तो कचौरीवाल्याच्या बाकावर जाऊन बसला. पन्ना तेवढा झगडत होता. “अरे, ज़िंदा हैं! बाबूजी ज़िंदा हैं!”

एका वृद्धाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “हाँ बेटा. आत्मा कभी मरती है क्या?”

मग कोणा भल्या माणसाने पंतांच्या तोंडावर शाल ओढली. अंधार झाला तेव्हा पंतांना पहिल्यांदा शंका आली. उतार लागल्यासारखं वाटत होतं आणि चौकाकडे तर चढ आहे. नाकात धुराचा वास शिरला. तो वास काशीतल्या माणसाला ओळखावा लागत नाही. ते मास्कच्या आत ओरडले, पण “राम नाम सत्य है”च्या गजरात त्यांना स्वतःलाही ते ऐकू आलं नाही. नियम मोडून बटण दाबावं तर हात शालीत गुंडाळलेले. सासरा चितेपर्यंत पोचला तरी व्हिडिओ बाद होऊ नये, अशी सुनेची इच्छा नसावी, एवढा विचार त्यांनी त्या स्थितीतही केला आणि हात सोडवायला सुरुवात केली.

स्ट्रेचर पायऱ्यांवर टेकलं. कोणीतरी लाकडं आंब्याची की चंदन मिसळून, असं विचारत होतं. आणि त्या गलक्यात एक हंबरडा ऐकू आला.

“शिवराम!”

रामनगरचा यजमान तापाने झोपलेला निघाला म्हणून गुरुजी आल्या पावली परत फिरले होते. नावेतून उतरतात तो पायऱ्यांवर पन्ना रडकुंडीला आलेला आणि त्याच्या पुढ्यात प्रभावतीबाईंची ओळखीची रामनामी. गुरुजींनी शालीचं टोक वर केलं, आत पाहिलं आणि मटकन खाली बसले.

“शिवराम, माझ्या तोंडून सकाळी काय निघून गेलं रे! जीभ का झडली नाही माझी! तू शब्द दिला होतास, तू झोपला नसतास. म्हणजे खरंच गेलास! मला एकट्याला टाकून गेलास! तुला बेसूर म्हणायचो रे, रोज म्हणायचो. खोटं होतं ते. बरा गायचास तू!”

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पंतांचा हात तोवर बकलाला लागला होता. पण इतक्या वर्षांत गुरुजींच्या तोंडून त्यांनी हे ऐकलं नव्हतं. आणखी एखादं वाक्य येतंय का, म्हणून ते थोडे थांबले. आलं नाही, तेव्हा त्यांनी बटण दाबलं, मास्क खाली ओढला, ताडकन उठून बसले आणि म्हणाले, “काय म्हणालास? परत म्हण.”

मणिकर्णिकेने जन्मात एवढी पळापळ पाहिली नसेल. पुण्य मिळवायला आलेले पुण्य टाकून पळाले. क्षौराला बसलेला एक गृहस्थ अर्ध्या डोक्यानिशी पायऱ्या चढून गेला. गुरुजी मात्र पळाले नाहीत. ते पंतांकडे बघत राहिले, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्यांनी हात छातीवर दाबून धरला.

“ढुंढिराज, अरे मीच आहे. नाटक होतं ते. ढुंढिराज?”

गुरुजींच्या कपाळावर त्या थंडीत घाम फुटला होता. पंतांचं हसू येता येता थिजलं.

तेवढ्यात मृणालिनी धापा टाकत पोचली, मागोमाग वॉर्डातले दोघे; तिसरा गर्दीत अडकला होता. तिने सासऱ्याकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं आणि तिचा आवाजच बदलला. “बाबा, उतरा. गुरुजी, ही गोळी चावा, गिळू नका, चावा. पन्ना, डोक्याकडे. तुम्ही दोघं पायाकडे. बोलेन मी एकटी.” तिच्या हातांची घाई दिसत नव्हती, पण पंत नीट उभे राहीपर्यंत गुरुजी त्यांच्या जागी बांधले गेले होते. एक खांदेकरी कमी होता. पंतांनी पुढचा बांबू खांद्यावर घेतला.

गल्ली पुन्हा गच्च भरली होती. पायऱ्यांवर प्रेत उठून बसलं ही बातमी वर पोचल्यामुळे निम्मं बनारस खाली यायला निघालं होतं. “पेशंट है! हार्ट का पेशंट है!” मृणालिनी ओरडत होती, निळा परकर फडकवत होती. कोणी बोटभर सरकलं नाही. तिने मागे वळून गुरुजींच्या ओठांचा रंग पाहिला. तिच्या चेहऱ्यावर पंतांनी आजवर कधी भीती पाहिली नव्हती, ती आता दिसली. ढुंढिराज जाईल. या स्कूटरमागे, या बाकामागे उभा राहून जाईल. मग रोज भांडायचं कोणाशी?

गुरुजींचे डोळे उघडे होते. ते पंतांकडेच बघत होते. जिवंत माणसासाठी ते शब्द उच्चारायचे म्हणजे केवढं अभद्र, हे गुरुजींनीच त्यांना सकाळी ऐकवलं होतं. पंतांनी मनात विश्वेश्वराची क्षमा मागितली, मान फिरवली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले:

“राम नाम सत्य है!”

गल्ली दुभंगली. स्कूटर, बाक, शुगर, सांड, सगळे आपापल्या जागी गेले. पन्नाने उचलून धरलं, मागचे दोघे ओरडू लागले, आणि मृणालिनी परकर टाकून पळत सुटली.

“अरे, फिर उल्टा? घाट तो...”

“अंतिम दर्शन सड़क पर है!” पंत गरजले. बँकेच्या सबंध नोकरीत खोटं न बोललेला हा माणूस. “घरवाले मोटर में बैठे हैं! हटो!”

खांदा द्यायला एक जण सरसावला, त्याला पंतांनी कोपराने ढकलून दिलं. शूटिंग करत पुढे पळालेल्या आदित्यने ॲम्ब्युलन्सचं दार उघडून ठेवलेलं होतं.

गुरुजींच्या हृदयाची नळी बंद झाली होती ती वेळेवर उघडली. थोडा उशीर झाला असता तर पुन्हा गल्ली उतरावी लागली असती, असं डॉक्टरांनी पंतांना बाजूला घेऊन सांगितलं. पंत हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोठ्याने रडले. त्यांनी तोंडसुद्धा झाकलं नाही.

आदित्यला कोणी थांब म्हटलं नव्हतं म्हणून बाकावरून उठल्यापासून त्याचं शूटिंग चालूच होतं. संध्याकाळी तोच व्हिडिओ गेला. मृणालिनीची निवड झाली. ट्रॅकवाल्यांनी फक्त एक विचारणा केली होती. चमू चढताना एकसुरात काहीतरी म्हणतो आणि गर्दी बाजूला होते, ही कुठली पद्धत? मृणालिनीने कळवलं की हा आमच्याकडचा निळा झेंडा.

गुरुजींना साध्या वॉर्डात आणल्यावर पंत भीत भीत भेटायला गेले.

“शिवराम, शब्द मोडलास.”

“मोडला.”

“आणि माझ्या उशाशी ते ‘राम नाम’ तूच ओरडत होतास.”

पंतांनी मान खाली घातली. “दुसरा इलाज नव्हता रे.”

“मला वाटलं, मी गेलोच. डोळ्यांपुढे काळोख आलेला. म्हटलं, ही आपली यात्रा.” गुरुजींनी दम घेतला. “पण म्हटलं, एवढा बेसूर आवाज वर असणं शक्य नाही. म्हणजे मी अजून इथेच आहे. त्या आवाजाला धरून पडून राहिलो बघ.”

“घाटावर तर म्हणालास की मी बरा गातो!”

“तेव्हा तू मेलेला होतास,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी मित्राचा हात घट्ट धरला.

मृणालिनी दिल्लीला निघाली तो मुहूर्त गुरुजींनीच पलंगावर बसून काढून दिला. प्रभावतीबाईंनी तिच्या हातावर दही ठेवलं, पन्नाने बॅग डोक्यावर घेतली आणि पंत तिला चौकापर्यंत पोचवायला निघाले. कचौरीवाल्याच्या वळणावर गल्ली अडली होती. पुढे तोच सांड, त्याच्यापुढे हातगाडी, हातगाडीपुढे स्कूटर. गाडीची वेळ होत आली होती. पंतांनी घड्याळ पाहिलं, मफलर सैल केला आणि घसा खाकरला.

“बाबा,” मृणालिनी मागे न बघता म्हणाली, “नाही हं.”